त्या दुपारी वारं कुठून होतं

१

हेलिकॉप्टर पडलं त्या दिवसापासून पेणमध्ये ज्याला त्याला कारण माहीत होतं. पोरगी चालवत होती. झालं, तपास पुरा. ज्यांना स्वतःची स्कूटर स्टँडवर धड लावता येत नाही, ते चहाच्या टपरीवर मला पंखा आणि वारा समजावून सांगत होते. दोघांना मी तिथल्या तिथे गप्प केलं. तिसऱ्याच्या वेळी चहा अर्धा टाकून उठले, कारण अजून बसले असते तर माझा हात उठला असता.

मी सगुणा घरत. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले, पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत राहते, आणि माझं डोकं लवकर तापतं हे मला सांगायला कुणी येऊ नये. नोकरीतली बरीच वर्षं रोह्यात काढली. तिथे सखा शिंगरेच्या घरात भाड्याने होते. सखा धाटावला केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. त्याची नमिता माझ्या मांडीवर वाढली. ती पोरगी म्हणजे हीच.

सखा रातपाळी करून तसाच मोटारसायकलवर माझ्या दारात आला. घरात आला, पण बसला नाही.

"ताई, तिच्यावर गुन्हा लावतायत. तिच्या निष्काळजीपणामुळे कॅप्टन गेले म्हणून. कागद तयार हाय, फक्त सही व्हायची."

घडलं ते असं. पेण तालुक्यात खाडीकाठी धाकटी खार नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या रिकाम्या खाचरांवर एक खासगी कंपनी हेलिकॉप्टर शिकवते. हवेत इंजिन बंद पडलं तर खाली कसं यायचं, याचा तिथे सराव चालतो. इंजिनाचा जोर काढून घेतात, पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहतो आणि तेवढ्यावर मशीन अलगद टेकवायचं. मात्र तोंड वाऱ्याच्या समोर पाहिजे. वारा पाठीमागून असला तर मशीन जमिनीवर धावत सुटतं. त्या दुपारी वारा खाडीकडून होता, आणि नमिता खाडीकडे पाठ करून उतरली. मशीन बांधावर आपटून उलथलं. शेजारी बसलेले तिचे शिक्षक, कॅप्टन सुशील कर्णिक, दवाखान्यात पोचायच्या आत गेले. तिचा पाय मोडला.

"तिला विचारलंस, पाठ का केली?"

"इचारला. बोलते वारा डोंगराकडून व्हता." सखाने डोकं धरलं. "आख्खा गाव बोलतो खाडीकडून व्हता. ताई, माजी पोर खोटं बोलते काय?"

२

रोह्याच्या दवाखान्यात नमिता छताकडे बघत पडली होती. मी खुर्ची ओढली आणि लाड न करता विचारायला सुरुवात केली. लाड केले असते तर दोघींनाही रडू आलं असतं.

"वारा कुठून आहे हे तू कशावरून ठरवलंस?"

"देवीच्या झेंड्यावरून, आत्या."

"झेंड्यावरून का? मैदानावर विंडसॉक असतो ना, ती लाल-पांढरी कापडी पिशवी?"

"ती दिवाळीतच फाटली. सुजयसर म्हणाले नवीन येईल, तोपर्यंत गावच्या देवळावरचा झेंडा बघा. सगळे तोच बघायचे. आमचे सरही."

सुजय म्हणजे त्या तळाचा व्यवस्थापक.

"आणि झेंडा कुठे होता?"

"खाडीकडे. पूर्ण ताणलेला. म्हणजे वारा डोंगराकडून, म्हणून मी डोंगराकडे तोंड केलं."

"फडफडत होता?"

तिने डोळे मिटून आठवलं. "नाही. एकदम ताठ होता. मला वाटलं, वारा जोराचा आहे."

मी उठता उठता आणखी एक विचारलं. त्या दोघांना दवाखान्यात कुणी आणलं?

"गावच्या बायकांनी. मिठाच्या टेम्पोत."

तळावर कंपनीची जीप असते हे मला ठाऊक होतं. माणूस मरतोय आणि त्याला मिठाच्या टेम्पोत घालतात, हे माझ्या घशाखाली उतरेना.

परत येताना पेण पोलीस ठाण्यात गेले. तपास प्रविणकडे होता. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, आता फौजदार. त्याच्यासमोर कॅप्टनची बायको अनिता बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"नमिताच्या बाजूच्या का तुम्ही?" ती मला म्हणाली. "माझ्या नवऱ्याने तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं. निदान चूक कबूल करावी तिने. झेंडा काय, वारा काय. खोटारडी."

प्रविणने मला बाहेर नेलं.

"मॅडम, मी स्वतः बघून आलोय. मैदानावर पिशवी हाय. देवळावर कापडी झेंडा हाय, वारा फिरला की तोही फिरतो. पोरगी सांगते ते होऊच शकत नाही. मी उद्या कागद पुढे पाठवणार."

"उद्या संध्याकाळी पाठव," मी म्हणाले. "सकाळी पाठवलास तर मी तुझ्या टेबलावर येऊन बसेन."

३

सुजय हसतमुख माणूस निघाला. स्वच्छ शर्ट, दर वाक्याला मॅडम. असल्या माणसांनी माझी नोकरी नासवली. त्याने मला स्वतः मैदान दाखवलं. काठीच्या टोकाला पिशवी वाऱ्याने फुगली होती.

"ही किती दिवसांपासून आहे?"

"नवरात्रापासून मॅडम. ती पोरगी घाबरली, दिशा चुकली. शिकताना होतं असं. वाईट वाटतं."

"खाली घ्या ती."

त्याने शेडमधली शिडी आणली, गाठ सोडली आणि पिशवी खाली आणली. मी ती हातात घेतली. मऊ, नवीन चादरीसारखी. मी खाडीकाठच्या घरात जन्मले. आमच्याकडे दोरीवर टॉवेल विसरला तर आठवड्यात खारं वारं त्याचा पापड करतं. ही नवरात्रापासून मिठाच्या वाऱ्यात लटकत असती तर तिच्यावर बोट फिरवून जेवणात मीठ घालता आलं असतं.

खाली बघितलं. काठीच्या बुडाशी चिखल वाळला होता आणि त्यात जीपच्या चाकांचे खोल ठसे होते. चाकं सरळ काठीला भिडली होती. ती मैदानावर कुठेच गेली नव्हती. जिथे हेलिकॉप्टर पडलं होतं, तिकडे तर एकही चाकोरी नव्हती.

"जीप त्या दिवशी कुठे होती?"

"बंद होती मॅडम. स्टार्टर गेला होता. नाहीतर मीच नसतं का नेलं सरांना?"

जीप शेडमध्ये उभी होती. मी तिच्याभोवती फिरले आणि पायरीवर चढून टपावर नजर टाकली. टपावर वाळलेल्या चिखलाचे बुटांचे ठसे होते.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. तिथेच त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण नुसत्या ठशांवर हा माणूस सुटला असता. पिशवी आदल्या दिवशी बदलली म्हणाला असता, टप धुवायला चढलो म्हणाला असता. आणि एक गोष्ट अजून उरलीच होती. पिशवी नव्हती हे मान्य केलं, तरी देवीचा झेंडा उलटा कसा?

४

देऊळ बांधाच्या टोकाशी, उंचावर आहे. मैदानावरून स्पष्ट दिसतं. देवळाचं सगळं धोंडुबाई बघते. मिठागरावर राबून तिच्या टाचांना भेगा पडल्यात. नवरा गेल्यावर तिने एकटीने पोरगा वाढवला. तो निकेश, डोलवीला ठेकेदाराकडे वेल्डर. कामाचा दिवस असूनही तो ओटीवर बसून होता.

"बस गो बाय," धोंडुबाई म्हणाली. पाणी दिलं. माझ्याकडे मात्र बघेना.

मी वर पाहिलं. लोखंडी पाइपावर झेंडा फडफडत होता. लखलखीत केशरी.

"धोंडुबाय, तुमचा झेंडा कधी बदलतात?"

"चैतात. जत्रेला."

"चैत्रात चढवलेला झेंडा आता मार्गशीर्षात एवढा नवा? आमच्या गावच्या झेंड्याच्या तर गणपतीपर्यंत चिंध्या होतात."

"फाटला व्हता. बदलला."

"कधी?"

तिने निकेशकडे बघितलं. निकेश जमिनीकडे बघत म्हणाला, "बदलला कवातरी. तुमाला काय करायचं हाय?"

मी पाइपाजवळ गेले. खाली सिमेंटच्या ओट्यावर लोखंडाचे बारीक काळे मणी पडले होते. लोखंड जोडताना किंवा कापताना ठिणग्या पडतात, त्यांचे असे मणी होतात. कापडाचा झेंडा बांधायला ठिणग्या कशाला लागतात? मण्यांत रंगाचे पापुद्रे मिसळले होते. एक उचलून उन्हात धरला. केशरी, आणि त्यावर मोत्यासारखी चमक.

तो रंग मी रोज बघते. दारासमोरच्या कारखान्यात गणपतीच्या सोवळ्याला तीच चमक मारतात.

धोंडुबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. अगदी हळू म्हणाली, "बाय, तू जा आता. मना एकच पोर हाय."

५

आमच्या आळीत दीपिका गणपती रंगवते. हातात मशीन घेऊन ती सोवळं फवारते तेव्हा बघत राहावं. मी पापुद्रा तिच्या तळहातावर ठेवला.

"हा आपलाच की मावशी," ती म्हणाली. "धाकट्या खारीच्या निकेशने आणला होता एक झेंडा. पत्र्याचा. जाड पत्रा होता, त्याला झेंड्याच्या लाटा पण ठोकून काढल्या होत्या त्याने, सुरेख. नवसाचा आहे, चांगला चमकव म्हणाला. मी पैसे नाही घेतले, देवीचं काम."

"कधी?"

"तो अपघात झाला ना, त्याच्या जरा आधीच."

मी कारखान्याच्या पायरीवर बसले. सगळं कळलं आणि त्याचा आनंद काही झाला नाही. प्रविणला फोन केला. "सुजयला घेऊन धाकट्या खारीच्या देवळात ये. आणि त्या अनिताबाईंनाही आण. त्यांना ऐकू दे."

६

देवळासमोर गाव जमलं. सुजय खुर्चीत बसला होता, अजून हसत. अनिता पदराने तोंड झाकून लांब उभी होती. मी उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर ओरडले असते.

"पावसाळ्यात तुमच्या बांधाला खांड पडली," मी गावाला म्हणाले. "खारं पाणी शेतात शिरलं. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. निकेशने नवस केला. बांध बांधून झाला की देवीला असा पत्र्याचा झेंडा देईन, जो खाऱ्या वाऱ्याने फाटणार नाही. आणि देवीने कायम खाडीवर नजर ठेवावी म्हणून तो खाडीकडे तोंड करून पक्का जोडला. बरोबर?"

निकेशने मान खाली घातली.

"त्या दिवसापासून वारा कुठूनही असो, तो झेंडा खाडीकडेच. नमिताने तोच बघितला. तिने मला सांगितलं, झेंडा फडफडत नव्हता, ताठ होता. कापड वाऱ्यात कधी ताठ राहतं? ती खरं बोलत होती. पण पोरगा नवस फेडत होता, त्याने काही पाप केलं नाही. या झेंड्यावर माणसांचे जीव टांगलेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते ज्याला माहीत होतं तो इथे खुर्चीत बसलाय."

सुजय म्हणाला, "मॅडम, मैदानावर पिशवी—"

"पिशवीला मिठाचा वास नाही. ती नवरात्रापासूनची नाही. तुमची जीप बंद होती म्हणता, मग तिची चाकं काठीच्या बुडाशी कशी रुतली? टपावर तुमचे बूट कसे? अपघात झाला तेव्हा सगळे हेलिकॉप्टरकडे धावले. तुम्ही जीप घेऊन काठीकडे गेलात, टपावर चढून पिशवी बांधलीत. म्हणून कर्णिकांना मिठाच्या टेम्पोतून जावं लागलं. नंतर झेंडा बघून तुम्हाला सगळं समजलं, आणि तो कापायला लावलात. तुम्ही त्यांच्या झेंड्याबद्दल गप्प, ते तुमच्या पिशवीबद्दल."

"कल्पना आहेत सगळ्या," सुजय म्हणाला. आता तो हसत नव्हता. "साक्षीदार कोण? पत्र्याचा झेंडा कुठाय?"

खरं तर तिथे माझं संपलं होतं. दीपिकाने झेंडा रंगवला एवढंच सिद्ध होत होतं. मी धोंडुबाईकडे वळले. 

"तुला एकच पोर हाय. सखालाही एकच हाय. तुझ्या पोराने काही केलं नाही तरी तू त्याला झाकतेस. त्याच्या पोरीने काही केलं नाही तरी ती आत जाणार. हे देवीसमोर उभं राहून चालतं का तुला?"

निकेश म्हणाला, "आये, गप ऱ्हा."

धोंडुबाई गप्प राहिली नाही. देवळात गेली. देवीच्या मागून लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड ओढत आणलं आणि ओट्यावर सोडवलं. केशरी पत्रा, लाटा ठोकलेल्या, एका कडेला कापल्याचा काळा व्रण.

"देवीचा झेंडा खाडीत कसा टाकायचा," ती म्हणाली. मग अनिताकडे बघून बोलायला लागली, बाकी कुणाकडे नाही. "बाय, मी खारीतल्या शेतावर व्हते. मशीन पडला तशा आमी बाया धावलो. तुजा घरवाला शुद्धीवर व्हता. पानी मागला. मी या मानसाला हाका मारल्या, गाडी आन, गाडी आन. यानं गाडी उलट्या अंगाला नेली. मी बघत व्हते, हा टपावर चढून पिशवी बांदत व्हता. टेम्पो मिठागरावरून यायाला येळ लागला. सांजच्याला हा आमच्या दारात आला. बोलला, तुज्या पोराच्या झेंड्यानं मानूस मेला, पोर जन्मभर आत जाईल. मी घाबरले. चुकले मी."

मग निकेश उठला आणि सुजयसमोर जाऊन उभा राहिला.

"एकदा सांगितला आसतास," तो म्हणाला. "बेरिंग टाकून फिरता बसवला आसता. माजं रोजचं काम हाय ते. एकदा सांगितला आसतास, बस."

सुजय म्हणाला की नवीन पिशवी शेडमध्ये येऊन पडली होती, लावायची राहून गेली. असं तो खरंच म्हणाला, राहून गेली. मी पुढे झाले तेव्हा प्रविण मध्ये आला. त्याने मला धरलं नसतं तर त्या दिवशी माझ्यावरही गुन्हा दाखल झाला असता, आणि मला त्याचं काही वाटलं नसतं.

७

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेले. अनिता माझ्याबरोबर आली. येते म्हणाली आणि रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसली. सखा दारात उभा होता, तिला बघून बाजूला झाला.

नमिताला सगळं सांगितलं. कागद मागे घेतले, सुजय आत आहे, धोंडुबाईने जबाब दिला. तिने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. मला तिचाही राग आला. एवढी धावाधाव केली ती या दगडासाठी का, असं मनात आलं, ते मी कबूल करते.

अनिता खाटेच्या कडेला बसली. "मी तुला खोटारडी म्हणाले," ती म्हणाली. "माफी मागायला आले. आणि एक विचारायचंय. खाली येताना सुशील काही बोलला का?"

नमिताने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नको विचारू काकू."

"मला ऐकायचंय."

"सर म्हणाले, 'वारं बरोबर धरलंस. असंच ठेव.'"

मी खुर्चीतून उठले. "हे तू आधी का नाही सांगितलंस? प्रविणला, मला? ते स्वतः बरोबर म्हणाले होते, हे एका वाक्यात सांगितलं असतंस तर—"

"कसं सांगू आत्या?" ती म्हणाली. "ते नाहीत. मी सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, सर चुकले. ते उत्तर द्यायला येणार होते का?"

त्या पोरीने तुरुंग पत्करला होता आणि तोंड उघडलं नव्हतं. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

अनिताने तिचा हात हातात घेतला. "हे त्या साहेबांना लिहून दे," ती म्हणाली. "मी सांगते म्हणून दे. सुशीलही चुकला असं लिहिलं गेलं तर जाऊ दे. तो असता तर त्याने स्वतः जाऊन लिहून दिलं असतं."

अपघातानंतर नमिता तेव्हा पहिल्यांदा रडली. सखा आत यायला निघाला होता, त्याला मी दारातच थांबवलं.